गुंतवणूकदारांची एजंट व्हायचंय, पण कोथरूड-एरंडवण्यात विकायला फ्लॅट आहेत कुठे?

मीनल_प

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचतेय, धागा काढायची ही पहिलीच वेळ.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं एका बँकेच्या गृहकर्ज विभागात गेली. आता नोकरी सोडलीय आणि रिअल इस्टेट एजंट व्हायचं ठरवलंय. राहायला घर शोधणाऱ्यांसाठी नाही, गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्यांसाठी. कर्जाच्या फायली बघताना सारखं दिसायचं की लोक निवृत्तीचे पैसे, आईवडिलांनी मागे ठेवलेले पैसे दुसऱ्या घरात घालतात आणि त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. भाडं किती येईल, जमीन कुणाच्या नावावर आहे, उद्या विकायची वेळ आली तर काय, काहीच नाही. फाइल माझ्या टेबलावर येईपर्यंत टोकन देऊन झालेलं असायचं. हे टोकनच्या आधी सांगणारं कुणीतरी हवं, असं मला मनापासून वाटतं.

भाग माझ्या माहितीचाच घ्यायचाय: कोथरूड, एरंडवणे, प्रभात रस्ता, डेक्कन. आणि अडचण तिथेच आहे. विकायला काही येतच नाही. पोर्टलवर दिसतं त्यात तोच एक फ्लॅट पाच एजंटांनी पाच किमतींना टाकलेला असतो. पैसे घेऊन उभे असलेले लोक मला आजही माहीत आहेत, पण त्यांना दाखवू काय?

महारेराच्या (राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाच्या) एजंट-परीक्षेची तयारी सुरू आहे. प्रश्न असे: अशा भागात नवीन माणसाला जागा आहे का? गुंतवणूकदार एजंटला पैसे नेमके कशाचे देतो? की मुकाट्याने नव्या प्रकल्पांच्या भागात जावं, जिथे माल पडून आहे?

दोन_बीएचके

माल आहे तिकडे जा ताई. बाणेर, वाकड, ताथवडे, पुनावळे. कमिशन बिल्डर देतो, गिऱ्हाइकाकडे मागावंसुद्धा लागत नाही. कोथरूडात एक फ्लॅट निघाला की दुपारपर्यंत सगळ्या एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आलेला असतो.

नळस्टॉप

+१. आमच्या बिल्डिंगमधला कुत्रा आता एजंट आला की भुंकतसुद्धा नाही, घरचाच समजतो. :)

पटवर्धनबागवाला

मीनलताई, मी याच भागात २००४ पासून एजंट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन_बीएचके म्हणतात ते काम चांगलंच आहे, पण वेगळं आहे. नव्या प्रकल्पात तुम्हाला पैसे बिल्डर देतो. मग गुंतवणूकदाराला "हा घेऊ नका" म्हणायची मोकळीक राहत नाही. तुम्ही जे करू म्हणताय त्यात हेच वाक्य सगळ्यात जास्त वेळा म्हणावं लागणार आहे.

आता इथे माल का नाही, ते नीट बघा. कुठून मिळेल तेही त्यातच कळतं.

पहिलं कारण पुनर्विकास. इथल्या कित्येक इमारती सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, तीन मजली, लिफ्ट नसलेल्या, भोवती मोकळी जागा असलेल्या. डिसेंबर २०२० मध्ये युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे जास्तीचं बांधकाम मिळू लागलं, आणि प्रत्येक मालकाला वाटू लागलं की आज विकण्यापेक्षा थांबावं, नवा मोठा फ्लॅट मिळेल. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. त्यांच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका.

दुसरं, ज्यांना विकायचंय त्यांना राहायचं मात्र इथेच असतं. आधी दुसरं मिळू दे मग विकतो, असं दहा घरं म्हणतात, आणि दहाही एकमेकांची वाट बघत बसतात. अशी दोन कुटुंबं एकाच वेळी जुळवता आली तर एकदम दोन व्यवहार होतात. पण त्याला प्रत्येक घराची गरज वहीत लिहिलेली लागते: कुणाला तळमजला हवा, कुणाला लिफ्ट हवी, कुणाला मुलीच्या घराजवळ.

तिसरे कुलूपबंद फ्लॅट. मालक वारले, मुलं बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला, बिलं अजून वडिलांच्याच नावाने येतात. हे फ्लॅट बाजारात नाहीत कारण ते विकता येण्याच्या अवस्थेतच नाहीत. वारसांची नावं लागलेली नाहीत, शेअर सर्टिफिकेट सापडत नाही, मिळकतकर थकलाय, सगळ्या भावंडांना एकत्र बसवणारं कुणी नाही. हे काम अंगावर घेणारा एजंट भेटला तर ही माणसं विकतात. आणि तुम्ही तर कागद वाचण्यातच नोकरी केलीय. आमच्या लाइनीत चावी घेऊन धावणारे पुष्कळ, सूची दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) वाचणारे फार थोडे.

गुंतवणूकदार पैसे याचेच देतो. फ्लॅट दाखवल्याचे देत नाही, पोर्टल तर त्याच्याकडेही आहे.

कर्वेरोड

पटवर्धनबागवाला, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. एक विचारतो: पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीतला जुना फ्लॅट गुंतवणूकदाराने घ्यावा का? सगळे तेच मागतात असं ऐकतो.

पटवर्धनबागवाला

मागतात खरं. पण "निघालेली" म्हणजे कुठवर गेलेली ते बघायचं. नुसता ठराव झालाय, बिल्डर नेमलाय, विकसन करारनामा नोंदवलाय, की बांधकाम परवानगी आलीय? प्रत्येक पायरीला किंमत वेगळी आणि जोखीमही वेगळी. करारनामा नोंदवून झालेला असेल तर तो पूर्ण वाचल्याशिवाय टोकन नाही. जागा बदलल्यावर भाडं कोण देणार, किती महिने, उशीर झाला तर काय, आणि हे सगळं नव्या मालकाला लागू होतं का. पार्किंगचं तर आवर्जून बघा. कर्ज काढून घेणारा गिऱ्हाईक असेल तर आधी बँकेला विचारा, फार जुन्या इमारतींना काही बँका कर्ज देत नाहीत.

मीनल_प

बरोबर, मूल्यांकन करणारा अभियंता इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहून देतो आणि कर्जाची मुदत त्यावर ठरते. वीस वर्षं मागायला गेलेल्याला दहाच मिळतात, आणि हप्ता एकदम वाढतो. हे लोकांना टोकन दिल्यावर कळतं.

वकिली_काका

पटवर्धनबागवाला यांच्या तिसऱ्या मुद्द्यात भर घालतो, कारण तिथेच सगळे अडकतात.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीच्या नावाने दप्तरी नोंद करते म्हणून थोरल्या मुलाला वाटतं फ्लॅट आपला झाला. वारस तीन असतील तर तिघांच्या सह्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. एक बहीण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण) करून घ्यायचं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा. ही तारीख लोक हमखास विसरतात.

पुण्यात आणखी एक भानगड. बाहेर पाटी "सोसायटी"ची असते, पण कागदोपत्री ते १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं अपार्टमेंट असतं. तिथे शेअर सर्टिफिकेट मागण्यात अर्थ नाही, डीड ऑफ अपार्टमेंट बघायचं. त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा लिहिलेला असतो. सहकार कायद्याच्या ७९अ खाली ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाची जी कार्यपद्धती ठरवलीय ती सहकारी सोसायट्यांची आहे. अपार्टमेंटवाल्यांना ती सांगून गुंतवणूकदाराची दिशाभूल होते.

तिसरी गोष्ट फक्त पुण्याची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांसाठी सोसायट्या वसवल्या गेल्या. यातल्या कित्येकांची जमीन सरकारने दिलेली, भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली. वर्ग १ करून घेतलेली नसेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पत्ता मोक्याचा, किंमत जरा कमी, गुंतवणूकदार खूश, आणि परवानगीचं कुणी बोलत नाही. मिळकतपत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आधी, चहा नंतर.

अनघा

मला इथे कडवट वाटेल असं लिहायचंय, पण लिहिते.

मी आणि नवरा दोघेही नोकरी करतो, मुलगी कोथरूडच्या शाळेत जाते, सासू-सासरे तिथून दोन गल्ल्या पलीकडे. घर शोधताना दर वेळी आमच्या आधी कुणीतरी गुंतवणूकदार पुढे आलेला असतो, ज्याला कर्ज नको, वाटाघाटी नकोत. तो घेतो आणि कुलूप लावतो. आधीच माल कमी असलेल्या भागात गुंतवणूकदारांसाठी खास माल शोधून द्यायचा म्हणजे आमच्यासारख्यांच्या हातचं घर काढूनच घ्यायचं ना? मीनलताई, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय, पण याचा विचार केलाय का?

दोन_बीएचके

अनघा, मग भाड्याने राहणाऱ्यांना घरं कोण देणार? गुंतवणूकदार नसेल तर भाड्याचं घरही नसेल.

अनघा

भाड्याने दिलं तर. माझा राग कुलपावर आहे.

हिशेबनीस

सीए आहे. दोघांच्या वादात आकडे टाकतो, म्हणजे कुलूप का लागतं ते दिसेल.

समजा फ्लॅट १ कोटी २० लाखांचा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ८ लाख ४० हजार, नोंदणी ३० हजार, दलाली २ टक्क्यांनी २ लाख ४० हजार. वकील, रंग, किरकोळ दुरुस्ती धरून पावणेदोन-दोन लाख. एकूण गेले सुमारे १ कोटी ३३ लाख. भाडं महिन्याला २८ हजार धरू, वर्षाला ३ लाख ३६ हजार. त्यातून देखभाल ४२ हजार, मिळकतकर १५ हजार, भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा. हातात उरले साधारण अडीच लाख. लावलेल्या पैशांवर २ टक्केसुद्धा नाही. आणि कर्ज काढलं असेल तर व्याजाचा दर याच्या चौपट आहे.

म्हणून माणूस म्हणतो, एवढ्याशा भाड्यासाठी भाडेकरूची कटकट कशाला, कुलूप लावू, किंमत वाढेलच. पण घेताना १० टक्के आणि विकताना २ टक्के गेले, म्हणजे किंमत १२-१३ टक्के वाढेपर्यंत तो तोट्यातच आहे. हे त्याला कागदावर मांडून दाखवलं तर कुलूप लावणारे निम्मे लोक एकतर घर भाड्याने देतील, नाहीतर घेणारच नाहीत. मीनलताईंनी हे काम केलं तर अनघाताईंचा फायदाच आहे.

पत्नीच्या एकटीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथे १ लाख २० हजार. पूर्वी असं घर पंधरा वर्षं कुणा पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली. अजून बऱ्याच एजंटांना हे माहीत नाही.

अनघा

हिशेबनीस, हे पटलं. मीनलताईंनी आकडे असेच दाखवले तर माझी तक्रार नाही.

रत्नांग्रीकर

धाग्याला फाटा फोडतो, माफी असावी. पुण्यात २ टक्के सुटत नसतील तर गुंतवणूकदारांना कोकणातले प्लॉट का दाखवत नाही? आमच्याकडे माल भरपूर आहे.

वकिली_काका

रत्नांग्रीकर, एनए (बिगरशेती) प्लॉट असेल तर ठीक. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी हवा, कूळकायद्याचं कलम ६३ आहे. "पाच गुंठे, सातबाऱ्यावर नाव लावून देतो" म्हणतात तिथे तुकडेबंदीचा कायदा बघावा लागतो. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

सोसायटी_सचिव

एरंडवण्यातल्या एका जुन्या सोसायटीचं सचिवपद बरीच वर्षं सांभाळतोय. दुसऱ्या बाजूने लिहितो.

आम्हाला एजंटांचे फोन रोज येतात. "काका, काही विकायला आहे का?" एवढंच. कुणी असं विचारत नाही की तुमच्या सोसायटीचं अभिहस्तांतरण झालंय का (जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का), नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय ती नावावर करून घेण्याचा) अर्ज केलाय का. ज्याने विचारलं त्याला मी बसवून चहा दिला. पुढे एक सभासद विकायचं म्हणाले तेव्हा पहिला फोन त्यालाच केला. कुणाचं घर निघणार ते आम्हाला जाहिरातीच्या कितीतरी आधी कळतं. आजी मुलाकडे राहायला जाणार, पार्किंग सोडणार, ना हरकत पत्र कसं मिळतं याची चौकशी करणार.

गुंतवणूकदारांबद्दल आमचा अनुभव बरा नाही. वार्षिक सभेला येत नाहीत, पुनर्विकासाच्या मतदानाला येत नाहीत, ईमेलला उत्तर नाही. तुमचा गुंतवणूकदार सभेला येणारा असेल, किमान पत्रांना उत्तर देणारा असेल, तर सोसायटी त्याचं स्वागत करेल. हे तुम्ही त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या.

आणि दोन आकडे पाठच ठेवा, कारण सोसायट्याही मनाला येईल तसे पैसे मागतात. हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर फी) जास्तीत जास्त २५ हजार, ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक. घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नाही. "डोनेशन" मागितलं तर हे परिपत्रक दाखवायचं. सचिव असूनही हे लिहितोय, कारण नियम नियमच आहे.

नळस्टॉप

सचिव काका, तुमच्यासारखे आमच्याकडे पाठवा हो एक!

पिंपरीचा_पंकज

माल कमी असेल तर बँकांच्या लिलावांकडे का बघत नाही? मीनलताई बँकेतल्याच. सरफेसी, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली जप्त केलेले फ्लॅट बँकनेटच्या पोर्टलवर असतात, राखीव किंमत बाजारभावाच्या खाली.

मीनल_प

पंकज, बँकेत हे जवळून बघितलंय म्हणूनच सावध आहे. लिलावात घर "जसं आहे तसं, जिथे आहे तिथे" मिळतं. बोली लागली की अनामत धरून २५ टक्के लगेच भरायचे आणि उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत वाढवून मिळू शकते, पण तो हक्क नाही. ती चुकली तर भरलेले पैसे जातात. कित्येकदा बँकेकडे ताबा कागदावरचाच असतो, आत कर्जदाराचं कुटुंब राहत असतं. सोसायटीची थकबाकी घेणाऱ्याच्या डोक्यावर येते. ज्याच्याकडे रोख आणि धीर दोन्ही आहे त्यालाच मी हे दाखवेन. निवृत्तीचे पैसे घेऊन आलेल्याला नाही.

पिंपरीचा_पंकज

हे उत्तर म्हणजेच तुमची जाहिरात आहे ताई. अशी एजंट मला मिळाली असती तर!

जर्सीकर

न्यू जर्सीतून. इथे ७५ तासांचा कोर्स आणि राज्याची परीक्षा देऊन लायसन्स घेतलंय, एका ब्रोकरच्या हाताखाली काम करतो.

माल आटणं म्हणजे काय ते आम्ही गेली काही वर्षं भोगतोय, कारण मात्र वेगळं. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा दर २.६५ टक्क्यांपर्यंत खाली गेला होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ झाला. ज्यांनी स्वस्तात कर्ज घेऊन ठेवलंय ते घर सोडेनात, कारण दुसरं घेतलं तर हप्ता कुठल्या कुठे जातो. अशा दिवसांत फक्त यादीत आलेली घरं दाखवणारे एजंट रिकामे बसले. टिकले ते मालकांशी आधीपासून बोलणं ठेवून होते ते.

इथून एक गोष्ट जरूर घ्या. १७ ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराला घर दाखवायला नेण्याआधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, मोबदला किती हे त्यात स्पष्ट लिहून. सुरुवातीला सगळ्यांनी कुरकुर केली, पण नवीन एजंटाला त्याचा आधारच होतो. तुम्ही सहा महिने वारसांची भांडणं मिटवून फ्लॅट तयार करणार आणि गुंतवणूकदार थेट मालकाला फोन लावणार, असं होऊ नये. तिकडे सक्ती नसली तरी तुम्ही लेखी घ्या.

दोन_बीएचके

पुण्यात कागदावर सही मागितली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल.

जर्सीकर

जाऊ द्या. सही न करणारा पुढे दलालीही देत नाही.

श्रावणी_ज

एक मुद्दा मला फार खटकतोय. माणूस गेल्यावर त्या घरावर एजंटांनी नजर ठेवायची? बाबा गेले तेव्हा तेराव्याच्या आत आम्हाला फोन आले होते. आई अजून सुन्न होती. कागद नीट करून देणं वगैरे ठीक, पण वरच्या चर्चेत दुःखात असलेली कुटुंबं म्हणजे माल झालीत.

पटवर्धनबागवाला

श्रावणीताई, तुम्हाला आलेले फोन ही निर्दयता होती. त्याचं समर्थन होऊच शकत नाही.

मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ती घरं वर्षानुवर्षं बंद आहेत. अशा घराला पत्र टाकायचं, फोन नाही. पत्रात विकण्याचा विषयही काढायचा नाही. मिळकतकर थकलाय, गॅलरीतून पाणी झिरपून खालच्यांकडे जातंय, वारसनोंद करायची असेल तर मदत करीन, एवढंच. कित्येक जण कागद करून घेतात आणि विकत नाहीत. त्याचे पैसे नाहीत घ्यायचे. आणि ताज्या दुःखाच्या घरी कुणी ओळखीच्याने बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मीनलताई, हे पाळायला जड जातं, कारण दुसरा एजंट पाळत नाही आणि घर त्याच्याकडे जातं. तरी पाळा.

श्रावणी_ज

पत्र चाललं असतं आम्हाला. आईने नंतर स्वतःहून घर विकलं, पण वर्षभराने, तिच्या मनाने.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे येतो. जुन्या मालकांच्या न विकण्यामागे एक कारण इथे कुणी लिहिलंच नाही: कराची भीती. १९८५ ला लाखभरात घेतलेलं घर आज सव्वा कोटीला गेलं तर सगळ्यावर कर बसेल असं त्यांना वाटतं. तसं नाही. २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल लागतो. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, पण त्याआधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचाही पर्याय आहे, कमी असेल तो. नफा दुसऱ्या घरात घातला तर सूट, नाहीतर सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठरावीक रोख्यांत. हे एका पानावर लिहून आजोबांच्या हातात दिलंत तर कदाचित तो फ्लॅट बाजारात येईल.

विकणारा परदेशस्थ असेल तर मात्र थांबा. निवासी विकणाऱ्याकडून ५० लाखांपासून पुढे घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा असतो, परदेशस्थाचा दर त्याहून खूप जास्त आहे आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी आणावं लागतं. कापायचं राहिलं तर जबाबदारी तुमच्या गुंतवणूकदाराची. सीए सोबत घ्या.

कर्वेरोड

दलालीचं विचारतो. कुलूपबंद घराचे कागद तुम्ही केले, घेणारा गुंतवणूकदारही तुमचाच. दोन्हीकडून दोन-दोन टक्के?

पटवर्धनबागवाला

पुण्यात घेतात दोन्हीकडून. मीही घेतो, दोघांना सांगून.

वकिली_काका

मला हे मान्य नाही. "मी गुंतवणूकदाराची एजंट" असं म्हणायचं आणि विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडूनही पैसे घ्यायचे, तर भाव ठरवताना तुम्ही कुणाच्या बाजूने? मीनलताईंनी एका बाजूनेच घ्यावेत. कागदांचं काम हवं तर वेगळं, ठरावीक रकमेचं.

पटवर्धनबागवाला

काका, वर्षात मोजके व्यवहार होणाऱ्या भागात एका बाजूच्या दलालीवर नवीन माणसाचं घर चालत नाही. दोघांना सांगितलं, दोघांनी मान्य केलं, तर त्यात फसवणूक काय?

वकिली_काका

फसवणूक म्हणत नाही. सल्ला कुणाला दिला ते संदिग्ध राहतं म्हणतोय. यावर आपलं जमणार नाही, असू दे.

मीनल_प

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय.

दलालीबाबत मी काकांच्या बाजूची आहे, घेणाऱ्याकडूनच घेईन. कमाई कमी होईल हे कळतंय. वर्षभराचा घरखर्च बाजूला काढून ठेवलाय आणि बिल्डरचं काम घ्यायचं नाही असं ठरवलंय. श्रावणी, तू लिहिलंस ते लक्षात राहील. सुरुवात पौड रस्ता ते म्हात्रे पूल एवढ्याच पट्ट्यातून करणार, त्यातल्या प्रत्येक इमारतीसाठी एक पान: सोसायटी की अपार्टमेंट, जमीन कुणाच्या नावावर, पुनर्विकास कुठवर, बंद घरं किती. विकायला काही नसलं तरी ही वही भरत राहील.

दोन गोष्टी राहिल्या. जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीला महारेराची नोंदणी लागतेच का? आणि जर्सीकर म्हणतात त्या लेखी करारात काय-काय असावं?

वकिली_काका

रेरा कायद्याचं कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीबद्दल आहे. जुन्या इमारतीतली पुनर्विक्री काटेकोर बघितली तर त्यात येत नाही. तरी नोंदणी करा. पुनर्विकासात तयार होणारे विक्रीचे फ्लॅट हे नोंदणीकृत प्रकल्पातलेच असतात, आणि तुमचे गुंतवणूकदार उद्या तेच मागणार. नोंदणीशिवाय ते काम केलं तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार दंड, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. एकट्या व्यक्तीला नोंदणीचं शुल्क १० हजार, पाच वर्षांसाठी. प्रशिक्षण आणि आयबीपीएसची परीक्षा २०२३ पासून सक्तीची झालीच आहे.

करार दोन पानांचा पुरे. तुम्ही फक्त घेणाऱ्यासाठी काम करता आणि विकणाऱ्याकडून काहीही घेत नाही, हे पहिलं वाक्य. मग तुम्ही दाखवलेल्या मालमत्तांची यादी, तारखेसह, व्हॉट्सॲपवर भर घालता येईल अशी. दलाली किती आणि कधी: मी म्हणेन, साठेखत नोंदवताना निम्मी, खरेदीखत झाल्यावर निम्मी. यादीतलं घर त्याने किंवा जवळच्या नातेवाइकाने ठरावीक महिन्यांच्या आत थेट घेतलं तरी दलाली देय. मालकीहक्काचा शोध (टायटल सर्च) वकिलाचा, कराचा सल्ला सीएचा, तुमचा नाही, हेही लिहा. आणि तुम्ही "घेऊ नका" असा लेखी सल्ला दिलेल्या घरावर एक रुपयाही मागणार नाही, हे कलम टाका. मसुदा करून इथे डकवा, नावं काढून. वाचून देतो.